झारी

रबाळ्याच्या सिग्नलला थांबलं की पेटायची.
गाडी सुटली की विझायची.
लाल, नखाएवढी झारी,
चोचीशी एक थेंब, कधीच न पडणारा.

शेजारचे कुलथे म्हणाले, सेन्सर.
ज्यांच्याकडून गाडी घेतली ते वैतीही म्हणाले, सेन्सरच.
महाप्याच्या इलेक्ट्रिशियननं साडेतीनशेचा नवा स्विच बसवला,
आणि तरी पेटली तेव्हा म्हणाला,
मॅडम, बल्बच काढून देऊ का?
बरेच जण काढून घेतात.

मी ऑडिटमध्ये आहे, अकरा वर्षं.
बल्ब काढलेल्या कंपन्या मला ठाऊक आहेत.

शेवटी दोरीनं ओढत गोठिवलीला नेली,
हसुराम मढवीच्या गॅरेजात.
त्यानं डिपस्टिक पुसली, बुडवली, काढली.
दोन खुणांच्या मधोमध तेल.
"तेल हाय. पन वर जातंय का?"
स्विच काढून त्या भोकात घड्याळ बसवलं,
पितळी, काचेला तडा गेलेलं.
गार इंजिनाला साडेतीन किलो.
मग आम्ही वाट पाहिली. चहा झाला.
पंखा लागला, थांबला, पुन्हा लागला.
काटा उतरत गेला,
जिना उतरणारं म्हातारं माणूस
एकेका पायरीवर थांबतं तसा,
आणि अर्ध्या किलोवर येऊन बसला.
"दिवा खरा बोलतो," हसुराम म्हणाला. "बंद करा."

दुसऱ्या दिवशी चेंबर उतरवलं.
सतराच्या पान्यानं नट, खाली पत्र्याचा डबा,
तेल आधी धारेनं, मग दोऱ्यानं, मग थेंबाथेंबानं.
दहा नंबरचे सगळे बोल्ट निघाले तरी चेंबर सुटेना,
रबरी हातोडीनं कडेकडेनं ठोकत आणावं लागलं.
आत, तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळी.
जाळी कसली!
लाल सिलिकॉनचे तुकडे, शेवयांसारखे वळलेले,
काजळीत लडबडून भोकाभोकात बसलेले.
झारीतले शुक्राचार्य, मी म्हणाले,
त्यानं हसावं म्हणून.

तो हसला नाही.
एक तुकडा अंगठ्यावर घेऊन दाराशी गेला, उजेडात.
डावा डोळा मिटून पाहिला. मग उजवा मिटून.
"सगले करडा लावतेत. लाल कुनी लावत नाय.
तवा करडा मिलला नव्हता."
मग बराच वेळ नुसता कॉम्प्रेसरचा आवाज.
"यो हात माजाच हाय.
गारी वैतींकडं व्हती तवा चेंबर मीच लावलेला.
डोल्याचं आपरेशन व्हायचं व्हतं.
कड दिसायची नाय, म्हनून जाड लावला."

अकरा वर्षं मी वह्यांमधून चुका शोधल्या,
चुकांमागची माणसं शोधली,
माणसांनी दुसरी माणसं दाखवली.
न विचारता हात पुढे करणारा
हा पहिलाच,
आणि हात मनगटापर्यंत काळा.

माझ्या ओढणीची पिन मागून घेतली त्यानं.
एकेक भोक टोचून मोकळं केलं,
पेट्रोल, ब्रश, पुन्हा पिन,
जाळीतून पलीकडचा रस्ता दिसेपर्यंत.
चेंबरच्या काठावर या वेळी करड्याची रेघ,
रांगोळीची असते तेवढीच.
"बगा, जाड झालं का कुठं?"
मी वाकून सगळी कड पाहिली, कोपऱ्यांसकट.
नाही म्हटलं.

पावतीवर तेल, फिल्टर, आणि मजुरीच्या रकान्यात
आडवी रेघ. हिशेबात रेघ चालत नाही,
शून्य लिहा, असं मी सांगणार होते.
पिन परत घ्यायची राहिली.

चावी फिरवली की अजून पेटते ती,
एक श्वासभर. पेटलीच पाहिजे,
नाहीतर समजायचं कुणीतरी बल्ब काढलाय.
मग इंजिन धरतं, विझते.
रबाळ्याचा सिग्नल लांबलचक आहे.
मी उलटे आकडे बघत नाही हल्ली,
काचेमागच्या त्या काळ्या जागेकडे बघत बसते,
मागचा रिक्षावाला हॉर्न मारेपर्यंत.